पुतण्याचे चाळीस गुण

सांगा, भरवसा कुणावर ठेवाल, डोळ्यांवर की वहीवर? आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष फत्तेसिंगराव मांडी बघून खेळाडू ओळखायचे. संघात शेवटची जागा उरली, तेव्हा बावीस गुणांच्या भिवाला डावलून त्यांनी स्वतःचा चाळीस गुणांचा पुतण्या घेतला.

गुणलेखिका इंदूताईंनी वही उघडली. "राव, तुम्ही टाळ्या मोजल्या. पुतण्या बावन्न वेळा पकडला गेला, म्हणजे समोरच्यांना बावन्न गुण. भिवा फक्त सहादा."

"आकडे आम्हाला शिकवू नका, बाई. पुतण्या खेळणारच."

"खेळू द्या की. फक्त समोरच्या संघातून खेळवा, बारा गुण आपल्याला मिळतील."

सगळे हसले, आणि रावांनी भिवाचं नाव लिहिलं.

आम्ही भुसारवाले धान्याचं पोतं तोलताना बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करतो. मंडळी, माणूस तोलतानाही हिशेब तसाच प्रामाणिक ठेवा.