तांबं आतच राहिलं तर

“आणि ते तांबं आतच राहिलं तर?”

सुलेमानबाबांनी विचारलं आणि धुमाळसर गडबडले. ते आले होते गाऱ्हाणं घेऊन, आणि बाबा त्यांची तोंडी परीक्षा घेत होते.

खाडीकाठच्या या दर्ग्याभोवती उंडीची झाडं आहेत. त्यांच्या बियांचं तेल बाबा दिव्याला घालतात. तीस वर्षांपूर्वी धुमाळसरांनी बियांचं पहिलं पोतं इथूनच नेलं आणि त्या तेलाचं डिझेल केलं. ते चार महिन्यांत खवट व्हायचं. तांब्याची बारीक पूड घालून, हायड्रोजन सोडून ते टिकाऊ करण्याची रीत सरांनी बसवली. कॉलेजातल्या त्यांच्या प्रयोगशाळेचं नाव झालं, आणि सरांची मान तेव्हापासून जी ताठ झाली ती झालीच.

निवृत्तीला वर्ष झालं तरी ते रोज दहाच्या ठोक्याला तिथे हजर असत. काल मृण्मयीने, आता प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या त्यांच्याच विद्यार्थिनीने, दार लोटून घेतलं आणि खाली बघत सांगितलं, “सर, आता काही दिवस येऊ नका. तुम्ही असलात की मुलं बोलतच नाहीत.”

घरी हे सांगायला कुणी नव्हतं. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणून सकाळची पहिली एसटी धरून ते इथे आले.

“बाबा, तिला मी घडवली. तिनेच मला बाहेर काढावं?”

“मी तांब्याचं विचारलं.”

“ठेवून चालत नाही,” सर तुटकपणे म्हणाले. “काम झालं की गाळून काढावं लागतं. कणभरसुद्धा ठेवायचं नाही.”

“का बरं? त्यानंच तर डिझेल सुधारलं.”

“सुधारलं खरं. पण मागे राहिलं तर तेच त्याला लवकर नासवतं.”

बाबा उठले. आतून एक धुळकट बाटली घेऊन आले आणि बूच काढून त्यांनी ती सरांच्या नाकाखाली धरली.

खवट वासाने सरांनी तोंड फिरवलं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर होतं. पहिल्या यशानंतर मोठ्या ऐटीत त्यांनी ती बाबांना भेट दिली होती.

“तेव्हा नीट गाळता येत नव्हतं,” ते म्हणाले.

“हं...”

खाडीला ओहोटी लागली होती. सरांना फार एकटं वाटलं, पत्नी गेली त्या दिवशी वाटलं होतं तितकं.

“गाळलेलं तांबं फेकून देता?” बाबांनी हळूच विचारलं.

“छे. धुतो, भट्टीत भाजतो. मग...” सर अडखळले. “मग दुसऱ्या तेलात घालतो.”

बाबांनी कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं आणि सरांसमोर उपडं केलं. वाळलेल्या उंड्या घरंगळत त्यांच्या पायांपर्यंत आल्या. एक दगड बाबांनी स्वतःकडे ठेवला, दुसरा सरांपुढे सरकवला.

“फोडायला घ्या,” ते म्हणाले. “मीही इथं एकटाच असतो.”