चिमट्या दरबारातून बाहेर पडतो

भिवरा फुलारणीच्या कुत्र्याने भर दरबारात रायाजी महाराजांना पाठ दाखवली. एवढ्यावर तो थांबला नाही. वळल्यावर त्याने मागच्या दोन्ही पायांनी फरशी खरवडली, शेपटी निशाणासारखी उभारली आणि सावकाश चालत तो दाराबाहेर गेला.

निंबसरच्या राज्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. सिंहासनाकडे पाठ करू नये, हा महाराजांचा लाडका नियम. दरबार संपला की सगळी मंडळी महाराजांकडे तोंड करून, कमरेत वाकून, उलट्या पावली बाहेर पडत. वृद्ध राजपुरोहित रोज एकाच खांबावर आपटत, म्हणून त्या खांबाला गादी बांधली होती. खांब हलवणे शक्य नव्हते आणि नियम हलवण्याचे कोणाला सुचले नव्हते. दिवाण त्रिंबकपंतांनी तर तीस वर्षांत एकदाही पाठ दाखवली नव्हती. त्याबद्दल त्यांना जरीचा शेला बहाल झाला होता. पंत बुटके, शेला लांब. त्याचे एक टोक कायम जमिनीवर लोळत असे, पण बहुमान आखूड करून घेणे पंतांच्या स्वभावात नव्हते.

चिमट्या हातभर लांबीचा, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. जे लोंबते ते आपले, अशी त्याची ठाम समजूत होती. दातांत धरलेले तो सोडत नसे, यावरूनच त्याचे नाव पडले होते. भिवराच्या एकाही लुगड्याचा पदर शाबूत नव्हता. वाळत घातलेली धोतरे पळवल्याबद्दल शेजारी भांडायला येत आणि जाताना त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकून जात. नवरा गेल्यापासून भिवराच्या घरात चिमट्याशिवाय दुसरा जीव नव्हता. ती रोज सकाळी दरबारातल्या चांदीच्या समयांना माळा घालायला येई, तेव्हा चिमट्याला दाराशी बसवून ठेवी. त्या दिवशी तो बसला नाही, इतकेच.

महाराजांनी शिक्षा सुनावली. कुत्र्याला वेशीबाहेरच्या रानात सोडायचे. त्या रानात बिबटे होते आणि बिबट्यांना कुत्री आवडत, हे भिवराला ठाऊक होते. तिने हात जोडून सांगितले की जनावराला नियम कळत नाहीत.

“मग कळायला लाव,” महाराज म्हणाले. “आठ दिवस देतो. नवव्या दिवशी तो या सिंहासनापासून उंबऱ्यापर्यंत माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावली जाईल. नाहीतर रान आहेच.”

पंतांना एवढ्याने समाधान कुठले? त्यांनी अटी जोडल्या. कुत्र्याला दोरी बांधायची नाही, खाऊ दाखवायचा नाही आणि कोणाचा हात त्याला लागता कामा नये.

“आणि काय गं फुलारणी,” ते पुढे म्हणाले, “जमलेच, तर कमरेत वाकायलाही शिकव.”

भिवराने आठ दिवसांत त्याला काहीही शिकवले नाही. शेजाऱ्यांनी कुंपणावरून पाहिले तर ती नेहमीसारखी माळा ओवत बसलेली. फरक एवढाच की लुगडी उंच दोरीवर वाळत होती, माळा आढ्याला टांगल्या होत्या आणि तिने पदर कमरेला घट्ट खोचला होता. चिमट्याला ओढायला घरात एक चिंधीही उरली नव्हती. आठव्या दिवशी त्याची अवस्था मौन सोडायला आतुर झालेल्या कीर्तनकारासारखी झाली.

नवव्या दिवशी दरबार गच्च भरला. भिवराने चिमट्याला सिंहासनापुढे सोडले आणि ती बाजूला झाली. चिमट्याने महाराजांकडे पाहिले, मग त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पंतांकडे, मग फरशीवर लोळणाऱ्या जरीच्या टोकाकडे.

त्याने झडप घातली. टोक दातांत घट्ट धरून, गुरगुरत, पाय रोवून तो मागे मागे सरकू लागला. पंतांनी खांद्यावरचे दुसरे टोक दोन्ही हातांनी पकडले. जोर लावावा तर शेला फाटेल, सोडावे तर बहुमान जाईल, म्हणून ते पावलापावलाने त्याच्यामागून जाऊ लागले. कुत्रा सिंहासनाकडे तोंड करून निघाला होता. दिवाणांची पाठ सिंहासनाकडे होती.

कुत्रा उंबऱ्यापलीकडे पोचला आणि पंत अलीकडे थांबले. दरबारात कोणी हसले नाही. सगळे महाराजांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

“ही लबाडी आहे!” पंत दारातून ओरडले. “तो नियम पाळत नव्हता, माझा शेला पळवत होता.”

“पंत,” भिवरा म्हणाली, “या दरबारात ही दोन कामे वेगवेगळी कधीपासून झाली?”

महाराज पुढे झुकले. “म्हणजे काय? स्पष्ट बोल.”

“महाराज, मी इथे बारा समयांसाठी बारा माळा आणत असे. आता सात पुरतात. उरलेल्या पाच समया आपल्याकडे तोंड करूनच बाहेर गेल्या असणार. जाणाऱ्यांची तोंडे आपल्याला दिसतात, मागे धरलेले हात दिसत नाहीत. या बिचाऱ्याला हातच नाहीत. तोंडाने ओढावे लागते, म्हणून एवढा एकटा सापडला.”

महाराजांनी बोटाने समया मोजल्या. बोट सातवर थांबले. मग त्यांनी दाराकडे पाहिले. तिथे पंत शेल्याचे टोक धरून अजून पाठमोरेच उभे होते. महाराज हसू लागले ते पागोटे मांडीवर पडेपर्यंत हसले.

“शेला सोडा, पंत. तो आता चिमट्याचा. आणि भिवरा, वाड्याच्या फुलांचा मान तुझ्याकडे कायमचा. उद्या सकाळी बारा माळा आण.” ते पंतांकडे वळले. “ऐकलेत ना? बारा.”

पंतांनी ऐकले होते. त्यांच्या हातून शेला आपोआप सुटला.

“आणि आजपासून सगळ्यांनी सरळ चालत जायचे,” महाराज म्हणाले. “हात मागे बांधून. मला दिसले पाहिजेत.”

चिमट्याने शेला तोंडात गोळा केला, महाराजांना पाठ दाखवली आणि शेपटी उभारून तो घराकडे निघाला. त्याच्या मागोमाग राजपुरोहित वळले, दबकत चार पावले चालले आणि त्या खांबापाशी थबकले. तीस वर्षांत प्रथमच त्यांनी तो समोरून पाहिला होता.