तापलेली तबकडी

गाड्यांचे भाग एकमेकांची सुखदुःखं विचारत, तेव्हाची ही गोष्ट. अबोली एरवी ऑफिसला न्यायची तीच गाडी रविवारी ट्रॅकवर पळवायची. त्या गाडीच्या चाकात ब्रेकची लोखंडी तबकडी होती. तिला धरून गाडी थांबवणारा जुना पॅड मोठा गोडबोल्या. शहरात कुरकुर म्हणून करायचा नाही, पण ट्रॅकवर तबकडी तापली, की "बाई गं, सोसवत नाही!" म्हणत हात टेकायचा. एकदा गाडी वळण सोडून थेट कडेच्या वाळूत गेली, तेव्हा रशीदमिस्त्रीने त्याला काढून नवा, कडक पॅड बसवला.

हा सकाळच्या गारठ्यात नुसता किंचाळायचा.

"कसला मेला खडूस!" तबकडी फणफणली.

"गार असताना माझ्याकडून फार आशा ठेवू नकोस," पॅड म्हणाला. "तापलीस, की बघ."

रविवारी त्याच वळणावर तबकडी लालबुंद झाली. तिने डोळेच मिटले. पॅडने तिला घट्ट धरलं आणि गाडी वाळूच्या अलीकडे मुकाट वळली. तबकडीचा जीव भांड्यात पडला.

शेवटचा फेरा अबोलीने हळू मारला. गाडी उभी राहताच तिने ब्रेकवरचा पाय काढला, मिस्त्रीने चाकाखाली वीट सरकवली आणि पॅड बाजूला झाला.

"रागावलास?" तबकडीने विचारलं.

"नाही गं. तापलेल्याला बिलगून बसलं, की डाग पडतो. आधी निव, मग बोलू."

वारा लागून तबकडी निवांत निवत गेली. तिने जुन्या पॅडने बिलगून पाडलेले अंगावरचे डाग पाहिले. इतके दिवस ती त्यांना माया समजत होती.