तीन किनाऱ्यांचा मानपान

"सून गप्प असते, म्हणजे डोकं रिकामंच असणार," दहा हातांच्या माकूळ सासूबाई शेजारणीजवळ कुजबुजल्या. सुनेने ते ऐकलं.

फार पूर्वी समुद्रावर काळं तेल पसरत आलं, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्यांची पिल्लं एकाच खडकात वाढत. त्याच्याभोवती शेवाळाचा बांध घालायला तीन किनाऱ्यांची सभा भरली. आधी मानाच्या नारळावरून वाद झाला. तो मिटेतो खेकडेराव रुसले.

"आम्हाला मागची जागा? मग बांध तुम्हीच घाला!"

त्यांची समजूत काढायला एक समिती नेमली. तेल खडकापाशी पोचलं.

खडकात सुनेची पहिली अंडी होती. ती उठली.

"सासूबाई, माझ्या माहेरीही अशीच सभा झाली होती. भाषणं फार छान झाली. आभार मानायला मात्र कोणी उरलं नाही."