स्टँडवरचं इंजिन

"...मग आवाज का बदलला, वस्ताद?"

विश्वास पोवारनं पुन्हा विचारलं. बाबालाल मिस्त्री चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि तोंड पुसलं.

दोघांच्या मध्ये, मिस्त्रींच्या कारखान्यातल्या लाकडी बाकावर, ती मोटरसायकल उभी होती. जेमतेम गुडघ्याएवढी. लाल टाकी आणि ओंजळीत मावेल एवढं इंजिन. विश्वासनं ती स्वतःच्या हातानं घडवली होती, आपल्या मुलासाठी, पृथ्वीसाठी. पोरानं ती वर्षभर माळावर मनसोक्त पळवली. मग ताप आला, डेंग्यूचा, आणि पोरगं गेलं. घरात गाडी तेवढी राहिली.

विश्वास काही ऐरागैरा नव्हता. शर्यतीच्या गाड्या लांबलांबून त्याच्या गॅरेजात यायच्या. हे काम तो शिकला बाबालाल मिस्त्रींकडेच, पण स्वतःची पाटी लागल्यापासून इकडे फिरकला नव्हता. इंजिनाबद्दल कुणाला विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा. आज मात्र त्याचा नाइलाज झाला होता.

"काय काय बघितलंस?"

"सगळं. कार्बोरेटर धुतला, करंट तपासला. प्लग तर सारखा नवा टाकतोय. मी काय नवशिका हाय व्हय चुकायला?"

"नवशिका न्हाईस. म्हणून तर यायला उशीर केलास."

विश्वासनं ओठ आवळले.

"चालवतोस कधी?"

"रोज. दिवेलागणीला. घरातच, स्टँडवर. मागचं चाक उचलून, अगदी हळू..."

"कशाला?"

"पोरगं अंगणात आल्यागत वाटतं, वस्ताद."

हे सांगताना त्याला लाज वाटली नाही. सगळा दिवस तो त्या घटकाभरासाठीच ढकलत होता. आणि आता ते इंजिन धापा टाकू लागलं होतं, मध्येच घुसमटत होतं. हा आवाज गेला तर पृथ्वी दुसऱ्यांदा जाणार, या भीतीनं त्याची झोप उडाली होती.

"पेट्रोलात तेल किती घालतोस?"

"दुप्पट."

"का रं?"

"आत झिजू नये म्हणून. पिस्टन त्याच्या वेळचाच हाय. तो बदलला, तर मग त्याचं राहिलं काय?"

मिस्त्रींनी प्लग खोलला. टोक काळंकुट्ट होतं, तेलानं ओलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ती काजळी विश्वासच्या तळहाताला पुसली.

"आतपतूर हेच भरलंय. सायलेन्सरसुद्धा बुजला असंल."

"मग साफ करतो."

"कर. परत बसंल."

विश्वासचा पारा चढला. "मग औषध तरी सांगा की!"

"माळावर न्यायची. मूठ पिळायची. इंजिन चांगलं तापलं, की काजळी आपली आपण जळती."

"पण झिजंल की ते."

"झिजंल."

"एक दिवस बंद पडंल."

"पडंल."

विश्वासला मुस्काटात बसल्यासारखं झालं. निदान या माणसानं तरी धीर द्यायला हवा होता, असं त्याला फार वाटलं. त्यानं काजळीचा हात पँटला पुसला, पण डाग काही निघाला नाही.

"आणि चालवायची कुणी? मी बसलो तर मोडंल ती."

मिस्त्रींनी गाडीच्या सीटवर हात टेकवून तिची उंची बघितली.

"सांगा की, वस्ताद."

"धाकटी पोरगी कशी हाय?"

"तनू? हाय... बरी हाय."

"बोलती का?"

विश्वास तळहातावरचा डाग नखानं खरवडू लागला. बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"मागं तिनं गाडीला हात लावला. नुसती मूठ पिळून बघितली. मी मारलं तिला, वस्ताद. लई मारलं. तवापासून माझ्यासमोर येत न्हाई. मी इंजिन चालू केलं, की उठून परसात जाऊन बसती."

हे त्यानं आजवर बायकोपाशीसुद्धा धड काढलं नव्हतं.

मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. दोन समजुतीचे शब्दही बोलले नाहीत. त्यांनी प्लग पुसून परत बसवला, पाना उचलला आणि बाकावर वाकून तो सीटखालच्या नटाला लावला.

"वस्ताद... इंजिन पुढं हाय. सीटला काय झालंय?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही.

"किती खाली घेऊ?"