भिंतीतला लांब दगड

एकदा एका डोंगरगावात भल्या सकाळी भूकंप झाला आणि एका व्यापाऱ्याने बांधलेली धर्मशाळा कोसळली. दोन वाटसरू ढिगाऱ्याखाली मेले. दुपारपर्यंत गावाने गुन्हेगारही शोधून काढला. सुंद्राबाई! या एकट्या बाईने गेल्याच महिन्यात परसात विहीर खणून पुरी केली होती.

"धरणीला टोचलंस, ती चवताळली," व्यापारी गरजला. "विहीर बुजवा, आणि हिला वेशीबाहेर घाला!"

लोक दगड वाहू लागले. सुंद्राबाई विहिरीच्या काठावर बसली. "चार वर्षं खपले तेव्हा पाणी लागलं. बुजवायची तर मला आत घालून बुजवा."

गावाबाहेर एक वृद्ध आचार्य राहत. त्यांची शिष्या भित्री. सकाळपासून भांडे वाजले तरी दचकत होती. पण हा प्रकार पाहून ती संतापाने गुरूंकडे धावत आली. "गुरुजी, हा काय न्याय झाला? आणि तुम्ही स्वस्थ बसलात?"

वृद्ध उठले, विहिरीपाशी आले. खडबडीत फरशीवर त्यांनी एक जड दगड ठेवला, त्यावर तीन खडे रचले. दगडाला दोरी बांधली, दोरीचे दुसरे टोक बांबूच्या लवचीक कांबीला.

"म्हाताऱ्याच्या डोक्यातही सकाळी दगड पडला वाटतं," कोणीतरी पुटपुटले.

"ओढ," वृद्ध शिष्येला म्हणाले. "सावकाश."

ती ओढू लागली. कांब वाकली. दगड हलेना. आणखी वाकली, तरी ढिम्म. आणि एकाएकी दगड खर्रकन उडी मारून पुढे सरकला, कांब सरळ झाली, खडे विखुरले. शिष्या किंचाळलीच.

"बोला!" वृद्ध कडाडले. "आत्ता इथे कोणी विहीर खणली?"

त्यांनी सरळ झालेली कांब उचलून सर्वांना दाखवली.

"जमिनीखाली, कित्येक कोस खोल, प्रचंड खडक एकमेकांना रेटत असतात. घर्षणामुळे ते अडकून राहतात. त्या कांबीसारखा ताण साठत जातो, शतकानुशतके. एक दिवस अडसर सुटतो, खडक सरकतात, आणि साठलेली शक्ती लाटा होऊन चहूकडे धावते. ते आपल्या हातात नाही. सुंद्राबाईची विहीर तीस हात. तेवढ्याने पृथ्वीला ओरखडाही उठत नाही. आता आपल्या हातात काय होते, ते पाहा. या!"

त्यांनी सर्वांना धर्मशाळेच्या उरल्यासुरल्या भिंतीपाशी नेले. बाहेर घडीव दगडांचा थर, आत तसाच दुसरा, मधे नुसता चुरा आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड एकही नव्हता.

"सगळेच असं बांधतात, महाराज," व्यापारी चाचरला. "लांब दगड घडवायला फार दिवस लागतात."

"दोन जीव गेले, आणि तू दिवस सांगतोस? वर दोष त्या बाईच्या माथी?"

पण 'सगळेच' हा शब्द गावकऱ्यांना टोचला होता. प्रत्येकाला आपल्या घराची भिंत आठवली. एक गवंडी मान खाली घालून परत गेला, विहिरीपाशी टाकलेल्या दगडांतला एक लांब दगड त्याने खांद्यावर घेतला आणि भिंतीकडे चालू लागला. मागोमाग दुसरा निघाला.

"झाकण तेवढं ठेवा रे विहिरीवर," सुंद्राबाई डोळे पुसत म्हणाली. "माती पडतेय पाण्यात."

तेवढ्यात जमीन पुन्हा थरथरली. शिष्या दचकून गुरूंना बिलगली. मात्र या वेळी विहिरीकडे कोणी पाहिले नाही. सगळे भिंतीपासून दूर सरले.