मागच्या भिंतीतला बोळ

एका जंगलाच्या कडेला तांबड्या मातीची टेकडी होती आणि तिच्या पोटात उंदरांचे अख्खे शहर वसलेले होते. बिळाला बीळ लागलेले, एकाच्या छपरावर दुसऱ्याचे अंगण. एका वर्षी तिथे खोकल्याची साथ आली. ज्याला खोकला लागे त्याचे केस विस्कटून उभे राहत, तो कोपऱ्यात अंग चोरून बसे आणि पुन्हा उठत नसे. तेव्हा शहरातल्या सर्वांत म्हाताऱ्या उंदराने बजावले, "आपापल्या बिळाचं तोंड मातीनं लिंपून घ्या. दाणे आणायला एकेकट्यानं निघा, आणि वाटेत कुणी भेटलं तर दोन शेपट्यांचं अंतर ठेवा. कुणाकडे जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही."

मुलांनो, टेकडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका उंदरिणीसारखा हा नियम कुणीच पाळला नसेल. तिला तीन पिल्ले होती आणि त्यांतले धाकटे जन्मापासून अशक्त होते. तिने दाराला मातीचे जाड थर दिले. आणलेला दाणा न् दाणा ती उन्हात पसरी. शेजारीण दाराशी नुसती थबकली तरी ती आतून म्हणे, "पुढे व्हा बाई, माझ्या घरात लहान लेकरं आहेत." फक्त तिच्या मागच्या भिंतीत एक बोळ होता, तो तिच्या बहिणीच्या बिळात निघे. तेवढा तिने बुजवला नाही. बहीण त्या वाटेने येई, धाकट्याला कुशीत घेई आणि दोघी बोलत बसत.

"तुझ्याकडे कुणी येत नाही ना गं?" उंदरिणीने एकदा विचारले.

"कुणीसुद्धा नाही, ताई. सासूबाई येतात आतून, तेवढ्याच. त्या काय परक्या आहेत?"

उंदरिणीला ते पटले.

टेकडीच्या पायथ्याशी एक चिचुंद्री एकटी राहत असे. तिच्या अंगाला वास येई, म्हणून साथ नव्हती तेव्हाही तिच्याकडे कुणी फिरकत नसे. खालच्या बिळांत एकापाठोपाठ एक उंदीर मरू लागले, तशी उंदरीणच म्हणाली, "सगळ्यांची दारं बंद आहेत. मग रोग येतो कुठून? ती आणते, दुसरं कोण?" हे बोलणे दाराआडून दाराआड पसरले आणि सगळे शहर पायथ्याशी लोटले. "अरे, लांब लांब उभे राहा," असे म्हातारा उंदीर सांगत राहिला, पण एकमेकांच्या अंगावर चढून पाहणाऱ्यांना ते ऐकू गेले नाही.

"कित्येक दिवसांत मी कुणाशी बोललेसुद्धा नाही," चिचुंद्री म्हणाली.

"मग आता तरी कशाला बोलतेस?" उंदरीण म्हणाली.

त्यांनी तिला चावे घेत उघड्या माळावर हाकलले. तिथे घारीने तिला उचलले, ते सर्वांनी पाहिले. घरी परतताना उंदरिणीला फार दिवसांनी हलके वाटले.

पुढे थोड्याच दिवसांत बहिणीचे येणे थांबले. मग धाकटे पिल्लू खोकू लागले. उंदरिणीने त्याला पोटाशी धरून ऊब दिली, दाणे चावून भरवले, पण ते गेले. बहिणीला सांगावे म्हणून ती बोळातून पलीकडे गेली, तर बहीण थंड होऊन पडलेली. तिच्या मागच्या भिंतीत आणखी एक बोळ होता. तिथून सासूच्या बिळात वाट निघाली, सासूही गेलेली. सासूच्या भिंतीतून तिच्या लेकीकडे, लेकीकडून लेकीच्या जावेकडे. प्रत्येक घराचे दार जाड मातीने नीट लिंपलेले होते आणि प्रत्येकाने मागे एकच वाट ठेवली होती, आपल्या माणसासाठी. चालत चालत ती ज्या बिळात पोहोचली, तिथे साथीतला अगदी पहिला उंदीर मेला होता. टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती आली होती आणि वाटेत एकदाही उजेड लागला नव्हता.

ती परतली तेव्हा मधल्या पिल्लाने विचारले, "आई, चिचुंद्रीला तर आपण घालवलं होतं. मग आपला धाकटा कसा गेला?"

उंदरिणीने पंजांनी माती ओढली आणि ती बोळ बुजवू लागली. अर्धा बुजवून झाला असेल, तोच तिच्या पाठीमागे मोठे पिल्लू खोकले.

तात्पर्य : प्रत्येकाने दार परक्यांना बंद केले आणि आपल्या माणसांना उघडे ठेवले, तर गावातले एकही दार बंद राहत नाही, कारण आपला कोण आणि परका कोण, हे साथीला कळत नाही.